आडवा दांडा

मिरज यार्डात पहिल्याच दिवशी
बाबालाल मुलाणी म्हणाले,
"सायकलचा ब्रेक इसर.
हितं हवा भरली की सुटतंय,
हवा सोडली की धरतंय."

मला ते उलटं पचायला दोन हिवाळे गेले.

इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत
एकच नळी, पाच किलो दाब.
प्रत्येक वाघिणीच्या पोटाखाली एक टाकी,
आपल्या वाट्याची हवा झाकून बसलेली,
राखेत निखारा पुरून ठेवावा तशी.
नळीतला दाब उतरला की टाकी जागी होते,
दट्ट्या सरकतो, ठोकळा चाकाला भिडतो.
"आणि नळी तुटली तर?"
"तर कुणी काय करायला नको. आपसूक धरतंय."

त्या रात्री साखरेची गाडी होती. बेचाळीस वाघिणी,
कराड, सातारा, वाठार,
आणि मग आदर्कीचा उतार.
वॉकीवर चौगुले गार्डचा आवाज आला,
"दाब उतरवला का, ड्रायव्हरसाहेब?"
"उतरवला की."
"माझा काटा हललाच न्हाई. चार-आठवरच हाय."

मुलाणींनी बॅटरी उचलली, हातोडी घेतली.
खडीवर ते पुढे, मी मागे.
चाकावर ठोका. बद्द.
पुढच्या चाकावर. बद्द.
सव्विसावी, बद्द.
सत्ताविसावी
टण्ण.
देवळातल्या घंटेसारखी मोकळी.

दोघींच्या मधे, हिरव्या पट्टीच्या पाइपाशी
कॉकचा दांडा आडवा.
दुपारी तो पाइप मीच बदलला होता.

मुलाणींनी बॅटरी दांड्यावर धरली,
माझ्या तोंडावर नाही.
"उघड."
मी फिरवला. मागची कोंडलेली हवा
पुढे धावली,
आणि अंधारात, एकामागून एक,
ठक, ठक, ठक,
शेवटच्या डब्यापर्यंत ठोकळे बसत गेले.
चौगुले म्हणाले, "हां. आता पडला काटा."

गाडी गेली पावणेतीनला.
नोंदवहीत मुलाणींनी वेळ लिहिली, वाघीण लिहिली,
पेन माझ्याकडे सरकवलं.
मी नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

उजाडलं तरी मी फोनशेजारच्या बाकावर होतो.
लोणंदहून काही निरोप नव्हता.
निरोप नाही म्हणजे घाट उतरली,
हे मलाही ठाऊक होतं.
चहावर साय धरली.

मुलाणी डबा घेऊन निघाले, दारात थांबले.
"ऊठ रं. हवा भरून घे जरा.
किती येळ धरून बसतोयस?"