बापाचा रकाना

आरोग्य केंद्रातून निवृत्त होताना
एक कोरं जन्म-रजिस्टर मी पिशवीत घातलं.
चोरीच म्हणा.
छत्तीस वर्षं पेठ तालुक्याची बाळं मोजली,
हाताला आखलेल्या ओळींची सवय होती.

धरमपूरच्या रस्त्यावर दोन शेळ्या घेतल्या,
असल सुरती, चुन्यानं सारवल्यासारख्या,
कान म्हणजे दोरीवर वाळत घातलेले रुमाल.
येसू भोये म्हणाला, "सिस्टर,
ही जात आता उरली किती?
ज्याला त्याला मटण पाहिजे. शेळीचं दूध पितंय कोण?"
आणि स्वतःच कोपऱ्यातून बोकड ओढून दिला.
"न्या. पैसे व्याल्यावर."

पान पहिलं.
बगळी, दोन दाती, कास मऊ.
खापरी, चार दाती, डावा सड आखूड.
बोकडाला मी मुकादम म्हणे,
कारण काम कमी आणि मिजास फार.
त्याचा वास करंजाळीच्या स्टँडपर्यंत जाई,
पोस्टमन टपाल कुंपणावरून फेकी.

बगळी माजावर आली तेव्हा
दिवसभर शेपूट हलवत ओरडली
आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं,
"तारीख लक्षात ठेव गं."
दीडशे दिवस. दाराच्या चौकटीवर खडूनं.

खापरी आधी अडली. रात्र, मार्गशीर्षाची थंडी,
करडू आडवं.
मी हाताला खोबरेल लावलं, डोळे मिटले,
आत बोटांना गुडघा लागला की खांदा, ते ओळखलं
(माणसाचं असो की शेळीचं, अंधार तोच असतो),
फिरवलं. आलं. नाक पुसलं, उलटं धरून झुलवलं,
शिंकलं!
दुसरं शिंकलं नाही.
तेही लिहिलं. मृत, एक, मादी.
तालुक्याला कळवायचं नव्हतं,
तरी तो रकाना रिकामा ठेवता येईना.

मग सुबाभूळ, उंबराचा पाला, नागलीचा पेंढा,
पावसाळ्यात खुरांना मोरचुदाचं पाणी.
सकाळी सव्वा लिटर, संध्याकाळी पाऊण,
बाळं मोजायच्या काट्यावर करडं.
गाठभर दूध न देणाऱ्या पाठी
मी ठेवल्या नाहीत. हरसूलच्या बाजारात विकल्या
आणि त्या दिवशी जेवले नाही, एवढंच.

चौथ्या वर्षी गोठ्यात अकरा पांढऱ्या.
एका दुपारी रजिस्टर चाळताना
बोट खाली खाली गेलं:
बाप, मुकादम. बाप, मुकादम.
पुढं तर मी नुसत्या "-||-" अशा खुणा केल्या होत्या,
आणि त्याच्याच चार मुली माजाला येत होत्या.

किती बायकांना विचारलं होतं मी
नाव लिहिता लिहिता, वर न बघता,
"नवरा नात्यातला का?"

तीन महिने शोधलं. सापडला तो बोरगावच्या पुढं,
सोनकी गावितच्या अंगणात.
तिच्याकडं वही नव्हती. चूल फुंकत म्हणाली,
"हा भुरीचा. भुरी लांबकानीची.
लांबकानी वघईहून आलेल्या तिरळीची,
तिरळीची आई वाघानं नेली,
तिची आई माझ्या सासूनं लग्नात आणली."
मी लिहीत गेले, दम लागला.
"आणि बाप?"
ती हसली, राख उडाली.
"बापाचं कोण ध्यानात ठेवतं, बाई?"

बदल्यात मुकादम दिला.
टेम्पोत चढवताना त्यानं माझ्या पदराचं टोक चावलं,
तेवढाच निरोप.

नवा रात्रभर भिंतीला शिंगं घासत राहिला.
कंदिलाशी बसून मी नवं पान आखलं
आणि आईचा रकाना
जरा रुंद ठेवला.