आठ हजारच्या वरचं

साडेपाचचा कार्यक्रम आता साडेपाचलाच सुरू होतो.
पूर्वी 'उलटा पंखा' रात्री दहाला चढायचे स्टेजवर,
शिवाजीनगरला, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये,
आणि अकराला रेक्टर स्वतः यायचे वायर उपटायला.
आता कोथरूडचा हॉल,
मध्यंतरात सुरळीच्या वड्या, बिनसाखरेचा चहा,
आणि आठच्या आत सगळे रिक्षात.
काहींच्या गोळ्या जेवणाआधीच्या असतात.

मी शेवटच्या रांगेच्याही मागे,
बत्तीस चॅनेलच्या मिक्सरपाशी.
या चौघांचा आवाज छत्तीस वर्षं
माझ्या बोटांच्या टोकांशी आहे.

हेरंब घैसास काळी चारमध्ये ओरडायचा.
मग पांढरी चार झाली,
मग काळी दोन,
यंदा पांढरी एक.
गाणं तेच, कठड्याला धरून
एकेक पायरी उतरत आलेलं.
नोएलने नायलॉनच्या तारा चढवल्या,
पोलादी तारांनी बोटं रात्रभर ठणकतात म्हणून.
आणि होशीचा उजवा गुडघा बदलल्यावर
ड्रमचं पेडल कोण दाबणार,
म्हणून मृदुला कांबळे आली, डग्गा घेऊन.

निमंत्रणपत्रिकेत त्याला फ्यूजन म्हणतात.
खरं तर तो गुडघा आहे.

पण गंमत बघा,
'घरी येणार नाही' हे त्यांचं सगळ्यात भांडकुदळ गाणं,
हेरंबने वडिलांना उद्देशून लिहिलेलं,
दादऱ्यात घातल्यापासून
तिसऱ्या रांगेतल्या दामले बाई चष्मा काढून बसतात.
शब्द एकही बदललेला नाही.
फक्त आता ते मेलबर्नहून आल्यासारखे वाटतात.
मागच्या वेळी कुणीतरी चिठ्ठी पाठवली:
यात बासरी असती तर.
यंदा बासरी आहे.

माझंही एक काम असतं, पत्रिकेत न छापलेलं.
माणसाच्या कानातून आधी वरचं जातं,
आठ हजारच्या वरचं:
झांजेची धार, 'स' आणि 'श'मधली फट,
गाणाऱ्याने ओळीआधी घेतलेला श्वास.
म्हणून दर वर्षी मी तो नॉब
केसभर उजवीकडे सरकवतो.
कुणाला सांगत नाही.
कार्यक्रम संपल्यावर लोक म्हणतात,
'वा, अजून तस्साच खणखणीत आहे हो हेरंब,'
आणि मी वायरी गुंडाळत मान हलवतो.

यंदा साउंडचेकला
होशीने ब्रशने झांज घासली.
मला हात दिसला. झांज थरथरताना दिसली.
मी नॉब वर नेला. अजून वर.
'सर, कर्कश होतंय,' निहार म्हणाला.
बावीस वर्षांचा, नऱ्ह्याहून येतो,
त्याच्या फोनमधलं संगीत मला
बंद दाराआडच्या गिरणीसारखं ऐकू येतं.
मी म्हटलं, 'कर्कश कुठे? बसलाय आवाज.'
तो माझ्याकडे बघत राहिला,
मी दामले बाईंकडे बघतो तसा.

मग काही बोलला नाही.
खिशातून कापूस काढला, दोन बोळे केले,
स्वतःच्या कानांत घातले,
आणि माझ्या बोटाशेजारी बोट ठेवून
नॉब आणखी केसभर
उजवीकडे सरकवला.

साडेपाच वाजले. पडदा थोडा अडकून उघडला.
हेरंबने माईकची दांडी धरली,
पूर्वी धरायचा तशी नाही, बसमध्ये धरतात तशी.
पुढच्या रांगांत कुणीतरी
कानातलं यंत्र नीट बसवलं,
त्याची बारीक शिट्टी निघाली म्हणे.
निहारने सांगितलं मला.