दर आठ फुटांना एक इंच

एप्रिलमध्ये बर्फ वितळतो तेव्हा
हिल्मा कांगासच्या तळघरात पाणी येतं.
दारातून नाही, खिडकीतून नाही,
भिंतीतून, घाम यावा तसं.
सकाळपर्यंत फरशीवर बोटभर.
वॉशिंग मशीनखाली विटा,
खोक्यांखाली विटा,
विटांखाली विटा.

सरोवराकाठची ही माती लाल, चिवट.
कंजूस माणसाने पैसा धरावा तसं पाणी धरून बसते,
सोडते ते नेमकं नको तिथे.
उर्हो तीस वर्षं पंप लावत आला,
रात्री दोनला उठून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून.
हिल्मा जिन्यावरून विचारायची, किती आहे?
तो म्हणायचा, फार नाही.
तो गेला त्याच हिवाळ्यात पंपही बंद पडला.
त्यात काही अर्थ शोधू नये.
पंप जुना होता.

माझं घर तिच्या खालच्या बाजूला.
लोहखनिजाच्या गोदीतून निवृत्त झालो,
हाताला काम नव्हतं, फावडं होतं,
आणि खरं सांगायचं तर
तिच्या पाण्याची पुढची पायरी मी होतो.

याला फ्रेंच ड्रेन म्हणतात, मी सांगितलं.
फ्रान्सचा संबंध नाही, ते एका माणसाचं आडनाव.
बरं झालं, ती म्हणाली,
मला वाटलं महाग असेल.

आधी गॅसवाले येऊन पिवळी निशाणं रोवून गेले,
मग वीजवाले लाल.
जमिनीखाली कुणाकुणाचं काय काय पुरलेलं असतं
ते विचारल्याशिवाय इथे खणता येत नाही.
उर्होचं निशाण कुणी रोवलं नव्हतं.

फूटभर रुंद, दीड फूट खोल.
तळाशी खडी, त्यावर भोकांचा पाईप,
भोकं खाली, हे सगळ्यांना उलटं वाटतं,
पाणी खालून चढतं, वरून पडत नाही.
भोवती कापड, म्हणजे माती आत शिरणार नाही.
आणि उतार: दर आठ फुटांना एक इंच.
डोळ्याला दिसत नाही.
पाण्याला दिसतो.

तिसऱ्या दिवशी, लायलॅकच्या झुडपाशी
फावडं खडीवर वाजलं.
आमची खडी अजून पोत्यांत होती.

खाली पाईप. पाईपभोवती
नायलॉनचे पडदे, पिवळ्या फुलांचे.
हिल्मा खड्ड्यात उतरली, वयाला न शोभेल अशी.
हे माझ्या स्वयंपाकघरातले, म्हणाली,
धुवायला टाकले आणि हरवले होते.
तेव्हा लॉन्ड्रीवाल्या बाईशी भांडले मी,
नंतर कधी बोललेच नाही तिच्याशी.

मी पाईपवर लेव्हल ठेवली.
काचेतला बुडबुडा
अंगणाकडे सरकला.
पुन्हा ठेवली. पुन्हा तेच.
बुडबुडा उंच बाजूला जातो, हे तिलाही माहीत होतं.

उतार घराकडे.

तीस वर्षं तो जे उपसत होता
ते त्यानेच बोलावलेलं.
कळलं असेल का त्याला? कधी कळलं?
मी बोललो नाही.
हिल्मा खडीच्या पोत्यावर बसली,
पडद्याची माती अंगठ्याने खरवडत,
आणि बऱ्याच वेळाने म्हणाली,
कुठेतरी पाणी मुरतंय
हे मला वाटतच होतं.
मग हसली. मग नाही.

पाणी सोडायचं कुठे, हा प्रश्न उरलाच.
गावचा नाला माझ्या हिरवळीपलीकडे.
माझ्यातून ने, मी म्हणालो.
वरचं पाणी कुणाच्या तरी अंगणातून जातंच,
निदान विचारून तरी जाऊ दे.

या एप्रिलमध्ये
रात्री दोनला मी जागा होतो.
पाईपच्या तोंडाशी बारीक धार,
कुणी झोपेत बोलावं तशी.
वर पाहिलं तर तिच्या तळघरात दिवा.

सकाळी विचारलं, पाणी आलं का?
नाही. ठणठणीत कोरडं.
मग काय करत होतीस?

विटा मोजत होते, म्हणाली.
एकशे चौदा भरल्या.
एवढ्या त्याने आणल्या कुठून?