रेड ऑक्साइड

इन्स्पेक्शनच्या आधी आठ दिवस फोन येतो:
पुनो, इंजिनाक काळो मार.
मी पॉलिशपेपर, दोन डबे आणि दुपारचा पाव घेऊन
कुळ्याला उतरतो.

मीटर गेजचं ते. सिमेंटच्या ओट्यावर.
त्याच्या वाट्याला आलेला रूळ
त्याच्याहून हातभरच लांब,
म्हणजे जायचंच झालं तर हातभर.
चिमणीत साळुंकीचं घरटं आहे, तेवढं मी रंगवत नाही.

त्या जानेवारीत
दूधसागरच्या जीपचा नंबर लागेना म्हणून
एक रशियन बाई सावली शोधत आली.
रबरी चपला, उन्हाने सोललेले दंड,
वय माझ्या आईच्या आसपास.
मी चाकाखाली उताणा, गंज खरवडत होतो.
तिने जोडदांड्यावर तळवा ठेवला
व्यायला झालेल्या गाईवर ठेवतात तसा,
आधी काहीतरी पुटपुटून, मग हळूच.

झिना, म्हणाली. फोन पुढे केला.
बर्फ. बर्फात ओळीने इंजिनं,
हिरवी, आमच्या दुप्पट,
प्रत्येकाच्या छातीवर लाल तारा.
पापा, म्हणत तिने तिसऱ्यावर बोट ठेवलं.
तिथे माणूस नव्हता.
भट्टीचं दार होतं, बंद.

ती बोलायची, फोनमधली बाई हिंदीत सांगायची:
ज्या देशाने ही बनवली तो देश राहिला नाही.
इंजिनं आहेत. तिकीट काढून बघतात.
रविवारी मुलांना वर चढू देतात.

मला म्हणायचं होतं, आमचंही तसंच,
ज्यांच्या राज्यात हे रूळ पडले ते गेले,
मीटर गेज उखडलं,
कायतान फायरमन गेल्या शिगम्यात गेला,
शेवटपर्यंत पाव कोळशासारखा भाजून खायचा.
एवढं फोनला सांगता येईना.
मी एकेक बोट मोडून दाखवलं.
ती हसली. तिने स्वतःची मोडून दाखवली.
तिची जास्त होती.

मग विचारलं, चाकं काळी का?
त्यांच्याकडे लाल. शोभेला नव्हे,
लालवर तडा दिसतो.
नखाने हवेत रेघ ओढून तिने जीभ वाजवली: टक्.
बाप रात्री कंदील घेऊन
चाकं वाचायचा, असं ती म्हणाली,
किंवा फोनमधल्या बाईने चुकून तसं म्हटलं.

एकशे बारा! जीपवाला ओरडला.
जाताना तिने हात केला तो इंजिनाला.

अकरा वर्षं मी काळा मारत होतो.
एक चाक वाचलं नव्हतं.

आता रंगाऱ्याचं एक गुपित सांगतो.
काळ्याच्या पोटात आधी रेड ऑक्साइडचा हात असतो,
गंज धरू नये म्हणून.
तो कायमच होता.
मी चहा पिऊन येईतो सुकला न सुकला,
लगेच वर काळा.

हल्ली मंगळवारी ऑक्साइड मारतो, काळा गुरुवारी.
मिनेझिसबाब विचारतात, बुधवारी काय केलंस?
मी म्हणतो, सुकूंक जाय.

बुधवारी चाकं लाल असतात.
खनिजाची धूळ उडून बसते, तीही लाल,
ती फडक्याने टिपावी लागते.
संध्याकाळी टॉर्च घेऊन मी ओट्यावर बसतो,
चहावाला म्हणतो पुनोक पिसें लागलां.

डावीकडच्या मधल्या चाकाला आहे.
आऱ्यापासून कडेपर्यंत, केसाएवढा.
आता कुणाला सांगायचं, जाणार कुठे आहे ते?
तरी सांगितलं.
मिनेझिसबाब म्हणाले, पुट्टी भर.

भरली नाही.
गुरुवारी काळा फिरवताना
ब्रशचा एक केस त्यात अडकला आणि तुटला.
तो तिथेच आहे.