मूठभर

कुओपिओच्या बाहेरची शेड, उणे एकोणीस.
राइयानं वाकवलेली नळी दोन अंश जास्त वाकली.
भंगारात. ही तिसरी.

भाचा नुसत्या सांगाड्यात बसलाय, हेल्मेट घालून.
"हलू नकोस, ओत्सो."
हेल्मेट आणि नळीच्या मध्ये
ती आपली मूठ घालून बघते.
मावत नाही.

म्हणजे सीट दोन बोटं खाली,
म्हणजे कालचे पाये कापायचे,
पत्र्याखाली जाड पट्टी, भोकं नवी.
तो म्हणतो, चालेल की एवढं.
ती ग्राइंडर सुरू करते.

मग टाक्याला टाका, काळ्या काचेमागे डोळे.
निवताना जोड टिकटिकतो.
इतकं निगुतीचं काम,
आणि मागणं काय, तर
कधी कामाला येऊ नये.

पुन्हा मूठ.
आता मावते.
ती लगेच काढत नाही.