पालकाची सही

चोडणची फेरी दर वीस मिनिटांनी सुटते.
हे मला ठाऊक होतं. तरी दोन महिने
प्रज्योत हळदणकरचं "फेरी चुकली, सर"
मी लाल शाईनं मांडत राहिलो.
माणसाची एखादी फेरी चुकते,
रोज तीन चुकत नाहीत.

इलेक्ट्रिकल, दुसरं वर्ष, मागचा बाक.
पण रिवाइंडिंगला त्याच्या बोटांना तोड नाही.
वेढ्याला वेढा असा लगटून बसवायचा
की मी विचारलं, कुठं शिकलास रे?
"आईची वेणी घालतो."
वर्ग हसला. मीही.
ते हसू अजून खिशात आहे,
फाटक्या नोटेसारखं, कुठंच चालत नाही.

पालकसभेला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला
आणि पालकांच्या खुर्चीत बसला.
"आईची उजवी बाजू गेलीय. बाबा
बोटीवर गेले ते तिकडचेच झाले."
सहीच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.
शेजारी छापलं होतं: विद्यार्थ्याशी नातं.
तिथं बराच वेळ पेन धरून बसला,
शेवटी एक बारीक रेघ मारली.

एका रविवारी नोट्स घेऊन मी पलीकडे गेलो.
कपाटाच्या दारावर एकच कागद:
पाचला कूस बदलणे, सहाला पेज,
सातला पोदेर (दोन पाव, मऊ),
आठ दहा, मशीन्सचा तास.
बाकी सगळं शाईनं. माझा तास पेन्सिलीनं.

प्राचार्य म्हणाले, पंचाहत्तर टक्के म्हणजे पंचाहत्तर.
मी हो म्हणून बाहेर आलो.
भांडलो पुढच्या सोमवारी, कापऱ्या आवाजात,
आणि अर्धंच जिंकलो:
प्रॅक्टिकल दुपारी, फोन टेबलावर.
पहिल्या तासाचं अजून काही झालेलं नाही.

आज अडीचला फोन वाजला.
"फिलोमिनाबाय? न्हय, निळी न्हय.
धवी. अर्दी. हय, पेजेवांगडा..."
अशा वेळी हात सुटला की कॉईल सैल पडते,
पहिल्यापासून घालावी लागते.
मी उठणार, तोच शेजारच्या ऑस्विननं
मान वर न करता
तारेचं टोक मुठीत घेतलं
आणि ताणून धरलं.

मी परत बसलो.