किमान आवश्यकता

मंगळवारी रात्री अपडेट आलं, अकरा जीबीचं.
बुधवारी सकाळी सहाही मशिनी मला सांगू लागल्या
एकाच चौकटीत, एकाच नम्र भाषेत:
आपला संगणक किमान आवश्यकता पूर्ण करत नाही.
खाली एक बटण. ठीक आहे.
ठीक नाही, असं बटण नव्हतं.

लांडेवाडी, भोसरी. पाटीवर अजून पुसट वाचता येतं
अनघा टंकलेखन वर्ग, मराठी तीस, इंग्रजी चाळीस.
त्यावर सायबर कॅफेचा निळा रंग,
त्यावर पोरांनी काढलेली कवटी.
तासाला वीस रुपये. शाळेचं ओळखपत्र असेल तर पंधरा.

मशिनी विमाननगरच्या एका बुडालेल्या कॉल सेंटरच्या,
टेम्पोत गाद्या घालून आणलेल्या.
रॅम तापकीर गल्लीतली, कोथिंबिरीसारखी घासाघीस करून:
एवढे घेताय तर दोन काड्या जास्त टाका की.

तीन नंबरवर नौशाद बसतो.
वर्कशॉपातून सुटतो तो थेट इथे, नखांत कटिंग ऑइल.
त्याचे चार भिडू कोथरूड, बाणेर, नांदेड
आणि एक कुठेतरी दुबईत.
पट्टी भरत असते, साठ टक्के, एकसष्ट,
चौघे बंदुका घेऊन नुसते उभे.
हेडफोनमधून बाहेर ऐकू येतं:
नौश्या, नवीन मशीन घे ना भावा.
हो, दिवाळीत.
कुठल्या, ते कोणी विचारत नाही.

माझा भाचा श्रीरंग बालेवाडीत असल्याच खेळांसाठी झाडं बनवतो.
खरंच, नुसती झाडं. पगार आहे त्याचा.
फोन केला. चिडला नाही, समजावत राहिला.
मावशी, असली मशिनी शंभरात तीन.
तिघांपायी सत्त्याण्णवांनी पुठ्ठ्याचं जंगल बघायचं?
पानाच्या मागून ऊन येतं ना,
ते बसवायला मला आठ महिने लागले.

मला उत्तर सुचलं नाही.
त्याचं ऊन मी पाहिलंय, त्याच्या लॅपटॉपवर.
खोटं कशाला बोलू, सुरेख आहे.
पण त्याला ते तीन आकड्यात दिसतात,
मला चपलांवरून.

एक गंमत मात्र त्याला सांगितली.
सगळ्यात खालच्या सेटिंगला गवत उगवतच नाही.
समोरचा बहाद्दर कमरेएवढ्या गवतात दडून,
श्वास रोखून वगैरे,
आणि नौशादला दिसतो उघड्या मातीवर पालथा,
स्वारगेटला गाडी चुकलेल्या माणसासारखा.
एकदा ओळीने पाच टिपले. तिकडून शिव्या, चोर, चीटर.
हा विचारतो, गवत? कसलं गवत?
पोरं हसली ती शटर वाजेपर्यंत.

श्रीरंग गप्प झाला.
मग म्हणाला, हो, म्हणजे हाही एक प्रॉब्लेमच आहे बघ.

टायपिंगची परीक्षा बंद झाली तेव्हाही पत्र नम्रच होतं.
अठरा यंत्रं किलोवर गेली.
मी खाली सही केली होती. ठीक आहे.

गुरुवारी दहा ते पाच लाइट नव्हती, नेहमीप्रमाणे.
साडेसातला नौशाद आला. चौकट वाचली, दोनदा.
बटण दाबलं नाही.
भिडूंना फोन लावला, स्पीकरवर.
त्याच्या जागी त्यांनी कुणी अनोळखी पाचवा घेतला होता,
पट्टी झटकन भरली.
हा बंद स्क्रीनसमोर खुर्चीत, डोळे मिटून:
टाकीच्या डावीकडे थांब. आता गवत असेल तुला.
त्यात एक आहे. दगडाला लागून, पाय इकडे.
नाही दिसणार तुला. मार.

तासभर असं चाललं.
निघताना मी त्याचे वीस रुपये परत केले.
त्याने पुन्हा गल्ल्यावर ठेवले.
बाई, बसलो तर होतो ना.